तहान लागण्याआधी

दवाखान्याच्या भिंतीवर, शिबिराच्या फलकावर आणि दर वर्षी १४ नोव्हेंबरच्या मधुमेह दिनाला वर्तमानपत्रात येणाऱ्या चौकटीत मधुमेहाच्या लक्षणांची एकच यादी असते. फार तहान लागणे, वारंवार लघवीला होणे, भूक वाढणे, वजन घटणे, थकवा, जखम लवकर न भरणे. यातलं एकही लक्षण खोटं नाही. तरीही ही यादी ज्या पद्धतीने छापली जाते त्या पद्धतीने ती वाचणाऱ्याची दिशाभूल करते, असं माझं स्पष्ट मत आहे. मधुमेह या एका नावाखाली निदान दोन निराळे आजार नांदतात. एकात ही लक्षणं फार उशिरा येतात, पुष्कळदा येतच नाहीत. दुसऱ्यात ती ठळकपणे येतात आणि तेव्हा हाताशी थोडेच दिवस उरलेले असतात. आपल्याकडे पहिल्या आजाराचे लोक लक्षणांची वाट पाहत बसतात आणि दुसऱ्या आजाराच्या मुलांची लक्षणं डोळ्यांसमोर असून ओळखली जात नाहीत. दोन्हीकडचं नुकसान टाळता येण्यासारखं आहे.

आधी टाइप टू, कारण मोठ्या माणसांतला बहुतेक मधुमेह हाच असतो. यात शरीर इन्सुलिन बनवत असतं, पण पेशी त्याला दाद देईनाशा होतात, आणि ते जास्त जास्त बनवता बनवता स्वादुपिंडाची ताकद संपत जाते. रिकाम्या पोटी, १०० मिलिलिटर रक्तात १२६ मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त साखर निघाली आणि पुन्हा तपासूनही तशीच आली, तर त्याला मधुमेह म्हणतात. पण निरोगी मूत्रपिंडं साधारण १८० मिलिग्रॅमपर्यंतची साखर रक्तात परत घेतात, लघवीत उतरू देत नाहीत. धरण भरल्याशिवाय सांडव्यावरून पाणी जात नाही, तसंच हे आहे. ती पातळी ओलांडली की साखर लघवीत येते, सोबत पाणी ओढून नेते, म्हणून लघवी वाढते आणि म्हणून तहान लागते. उपाशीपोटी १३५ आणि जेवणानंतर थोडा वेळच २०० च्या आसपास साखर असलेला माणूस रात्री एकदाही न उठता शांत झोपतो. सकाळी कामावर जातो, लग्नकार्यात पंगतीला बसतो, चार जिने चढतो. त्याला आजार आहे आणि लक्षण एकही नाही. असं तो वर्षानुवर्षं राहू शकतो.

या वर्षांत आतलं काम थांबलेलं नसतं. ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस या गाजलेल्या दीर्घ अभ्यासात मधुमेहाचं निदान नुकतंच झालेले लोक घेतले होते. त्यांतल्या जवळपास निम्म्यांच्या डोळ्यांत, नसांत, रक्तवाहिन्यांत किंवा अन्यत्र आजाराच्या खुणा निदानाच्या दिवशीच सापडल्या. म्हणजे आपण ज्याला सुरुवात समजतो, ती सुरुवात नव्हतीच. टाइप टूच्या बाबतीत ‘प्राथमिक लक्षणं’ हा शब्दप्रयोग म्हणूनच मला धोकादायक वाटतो. तहान लागल्यावर विहीर खणायला घेणं म्हणजे काय, हे इतक्या शब्दशः दुसऱ्या कुठल्याच आजारात दिसत नाही.

त्यात आपली सवय दुखणं अंगावर काढण्याची. ‘मला काही त्रास नाही’ हे वाक्य आपल्याकडे तब्येतीचा दाखला म्हणून चालतं. घरातल्या बाईला तर त्रास असला तरी ती ते वाक्य म्हणते, कारण स्वतःसाठी रक्त तपासायला जाणं हे तिच्या कामांच्या यादीत शेवटचं असतं. मग टाइप टू भलत्याच दारातून कळतो. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधीच्या तपासणीत कळतो, विम्याच्या तपासणीत कळतो. हिरड्या सारख्या सुजतात म्हणून दातांच्या डॉक्टरांकडे गेल्यावर, खांदा जखडून हात वर जाईना म्हणून हाडांच्या डॉक्टरांकडे गेल्यावर, चष्म्याचा नंबर महिन्याभरात बदलला म्हणून नेत्रतज्ज्ञांकडे गेल्यावर कळतो. खोकला हटेना म्हणून क्षयाची तपासणी होते आणि त्यासोबत साखरही सापडते. मधुमेहात क्षयाचा धोका दुपटीतिपटीने वाढतो, म्हणूनच क्षयरोग कार्यक्रमात प्रत्येक रुग्णाची साखर तपासायची असते. आणखी एक तक्रार फलकांवर क्वचितच छापतात, कारण तिचा उच्चार करायला संकोच वाटतो. ती म्हणजे जननेंद्रियाच्या जागी पुन्हा पुन्हा होणारी खाज आणि बुरशीचा संसर्ग, स्त्रियांत आणि पुरुषांतही. लोक मेडिकलमधून परस्पर मलम आणतात, चार दिवस बरं वाटतं, पुन्हा तेच. मलम देणाऱ्याने एकदा ‘साखर तपासली का?’ एवढं विचारलं तर कितीतरी निदानं लवकर होतील.

मग टाइप टू आधी ओळखायचा तरी कशावरून? तक्रारींवरून नाही, शरीराच्या खुणांवरून. त्यातली एक खूण आपल्या घराघरांत दिसते आणि तिचा अर्थ चुकीचा लावला जातो. मानेच्या मागे, काखेत, कधी कोपरांवर कातडी काळपट, जाडसर आणि मखमलीसारखी होते. बऱ्याचदा शेजारीच बारीक चामखिळी उगवतात. आई मुलीची मान साबणाने घासते, डाळीचं पीठ लावते, लिंबू चोळते, ‘नीट आंघोळ करत नाहीस’ म्हणून ओरडते. तो मळ नसतो. रक्तात इन्सुलिन गरजेपेक्षा फार वाढलं की कातडीच्या पेशी वेगाने वाढतात, त्याचा तो परिणाम असतो. साखर अजून पूर्ण नॉर्मल असताना, आजाराच्या कितीतरी वर्षं आधी, शरीराने मानेवर दिलेली ही सूचना आहे. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीची मान अशी काळवंडली असेल आणि पाळी अनियमित असेल, तर तिला गोरेपणाच्या क्रीमची नव्हे, वजन, कंबर आणि साखर तपासण्याची गरज आहे.

दुसरी खूण कंबर. शिंप्याच्या टेपने मोजता येते, फुकट. भारतीय पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे गेली की सावध व्हायचं. चेन्नईच्या डॉ. व्ही. मोहन यांच्या संशोधनसंस्थेने २००५ मध्ये भारतीयांसाठी धोक्याचे गुण मोजण्याची एक साधी पद्धत प्रसिद्ध केली. वय, कंबर, शारीरिक श्रम आणि आईवडिलांचा मधुमेह या चारच गोष्टी, एकूण गुण १००. साठ किंवा जास्त गुण मिळाले तर रक्त तपासा. पन्नाशीच्या माणसाला वयाचेच ३० गुण मिळतात. तो दिवसभर गल्ल्यावर बसून असेल आणि व्यायाम नसेल तर आणखी ३०. म्हणजे कंबर न मोजता, घराणं न विचारता तो साठावर पोहोचला. त्याला तहान लागते का, हा प्रश्न या मोजणीत कुठेच नाही, आणि तेच तिचं शहाणपण आहे.

इथे ‘मी तर बारीक आहे’ हा आक्षेप येतो. आपल्याकडे तो फार प्रामाणिकपणे घेतला जातो, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं. ते उत्तर पुण्यात तयार झालं आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवती स्त्रियांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास चालवला. तिथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. पुण्याची बाळं हडकुळी, पोट आणि स्नायू लहान, पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने राखलेली. वरून बारीक आणि आतून चरबीचं असं शरीर आपण जन्मतःच घेऊन येतो. २००४ मध्ये याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच आकडेवारी छापली. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के. वजनकाट्यावर सारखेच उतरणारे हे दोघे आतून किती निराळे होते, हे दाखवायला त्याहून जास्त पुरावा लागत नाही. म्हणून आपल्या लोकांत निर्देशांक २३ च्या पुढे गेला की वजन जास्त समजतात, युरोपात २५ ला. हातपाय काटकुळे आणि पोट तेवढं पुढे आलेलं, ही अंगलट आपण वयाचा भाग म्हणून स्वीकारली आहे. ती स्वीकारू नये.

देशाचे आकडे या सगळ्याशी जुळतात. आयसीएमआर आणि चेन्नईची डॉ. मोहन यांची तीच संस्था यांनी २००८ ते २०२० या काळात देशभर १ लाख १३ हजार लोकांची तपासणी केली. २०२३ मध्ये तिचे निष्कर्ष आले. देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह, आणखी १३.६ कोटी त्याच्या उंबरठ्यावर. राज्यांत गोवा सर्वांत पुढे, २६.४ टक्के. गोव्यात चार प्रौढ माणसं एका टेबलाशी बसली, तर सरासरीने त्यांतल्या एकाला मधुमेह असतो.

आता दुसरा आजार. टाइप वनमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकते. वजनाचा, गोड खाण्याचा, आळसाचा याच्याशी काही संबंध नाही. तरीही निदान झालेल्या मुलाच्या आईला नातेवाईक पहिला प्रश्न विचारतात, ‘फार चॉकलेटं खायचा का?’ त्या प्रश्नातली क्रूरता विचारणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. या मुलांना इन्सुलिन हे औषध नसून शरीरात नसलेल्या गोष्टीची भरपाई आहे. १९२१ मध्ये टोरांटोत फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी ते वेगळं काढलं आणि जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला टोचलं. त्याआधी हा आजार झालेलं मूल जगत नसे. काढा, चूर्ण, मंत्र किंवा आहार यांच्या भरवशावर टाइप वनच्या मुलाचं इन्सुलिन बंद करायला सांगणारा माणूस त्या मुलाला १९२१ च्या आधीच्या काळात नेऊन सोडतो. हे बोलताना मला कुठलाही सौम्य शब्द सापडत नाही.

या आजारात यादीतली लक्षणं सगळी खरी ठरतात आणि ती काही आठवड्यांत येतात. पण ती फलकावरच्या भाषेत येत नाहीत. सहावीतलं मूल शाळेत दर तासाला ‘बाई, जाऊ का?’ विचारतं आणि बाईंना ते अभ्यास टाळतंय असं वाटतं. रात्री गादी ओली करायचं बंद होऊन कित्येक वर्षं झालेलं मूल पुन्हा गादी ओली करू लागतं आणि घरात त्याला लाज आणतात. जूनमध्ये शिवलेला गणवेश ऑगस्टमध्ये लोंबू लागतो आणि आजी म्हणते, उंची वाढतेय. मूल रात्री उठून तांब्याने पाणी पितं. लघवीच्या जागी मुंग्या लागतात. चरक-सुश्रुतांच्या काळापासून आपल्याकडे ही खूण माहीत आहे, आणि सुश्रुतांनी जन्मजात आणि आहारदोषाने होणारा असे दोन प्रकारही वेगळे सांगितले होते. मूल गळून जातं म्हणून घरचे त्याला ग्लुकोज पावडरचं पाणी, सरबत, शीतपेय देतात. प्रेमाने दिलेलं ते पाणी त्याची साखर आणखी वर चढवतं.

मग इन्सुलिनअभावी शरीर चरबी जाळू लागतं आणि रक्तात आम्लं साठतात. पोट दुखतं, उलट्या होतात, श्वास खोल आणि जोरात चालतो, तोंडाला जास्त पिकलेल्या फळासारखा वास येतो. या टप्प्यावर दवाखान्यात गेलेल्या मुलाचं निदान जंत, गॅस्ट्रो, अपेंडिक्स, न्यूमोनिया किंवा दमा असं होऊ शकतं. उलट्यांमुळे अशक्त झालाय म्हणून ग्लुकोजचं सलाईन लागू शकतं, आणि त्याने परिस्थिती तासांत बिघडते. एक फरक मात्र बोलका आहे. जुलाब-उलट्यांनी शरीर कोरडं पडलेल्या मुलाची लघवी कमी होते. या मुलाची जीभ कोरडी असून लघवी भरपूर होत राहते. तेवढं लक्षात आलं तर बोटाच्या टोकाचा रक्ताचा एक थेंब आणि काही सेकंद पुरतात.

हे निव्वळ सांगण्याने बदलू शकतं, याचा पुरावा इटलीत आहे. पार्मा प्रांतात मॉरिझियो व्हानेल्ली यांच्या गटाने १९९१ पासून शाळांत आणि बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यांत साधी भित्तिपत्रकं लावली. त्यांत भर होता तो मोठं मूल पुन्हा अंथरुण ओलं करू लागण्यावर. डॉक्टरांना साखर तपासायची साधनं दिली. त्याआधी तिथल्या १०० नव्या रुग्ण मुलांपैकी ७८ जणांचं निदान आम्लं साठल्यानंतर व्हायचं. मोहिमेनंतरच्या वर्षांत हे प्रमाण १२.५ टक्क्यांवर आलं. नवं औषध नाही, नवं यंत्र नाही. योग्य खूण, योग्य लोकांना, त्यांच्या रोजच्या बोलण्यातल्या शब्दांत. टाइप वनची मुलं ज्या देशांत सर्वांत जास्त आहेत त्यांत भारत आहे, आणि आपल्या शाळांत असं भित्तिपत्रक मला तरी पाहायला मिळत नाही.

टाइप वन म्हणजे लहान मुलांचा आणि टाइप टू म्हणजे मोठ्यांचा, ही वाटणीही आता टिकत नाही. पाकिस्तानी क्रिकेटपटू वसीम अक्रमला ऐन कारकिर्दीत, तिशीच्या उंबरठ्यावर, १९९७ मध्ये टाइप वन झाला. इन्सुलिन घेत तो पुढे कित्येक वर्षं वेगवान गोलंदाजी करत राहिला. ब्रिटनच्या माजी पंतप्रधान थेरेसा मे यांना छप्पन्नाव्या वर्षी मधुमेह निघाला. वयाकडे पाहून टाइप टू समजून गोळ्या दिल्या, त्या लागू पडल्या नाहीत, तेव्हा तो टाइप वन असल्याचं कळलं. चाळिशीतला सडपातळ माणूस झपाट्याने वजन गमावत असेल, घरात कुणाला मधुमेह नसेल आणि गोळ्यांनी साखर उतरत नसेल, तर गोळ्या वाढवत नेण्याआधी प्रकार कोणता हे तपासायला हवं. उलट बाजूने, स्थूल किशोरवयीन मुलांत आता टाइप टू दिसू लागला आहे. आणि बालपणापासूनच्या कुपोषणामुळे होणारा एक प्रकारही आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ मध्ये तो यादीत घेतला, १९९९ मध्ये वगळला, आणि २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने त्याला टाइप फाइव्ह म्हणून पुन्हा मान्यता दिली. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचं काम त्यामागे मोठं आहे. हे रुग्ण गरीब, तरुण आणि अतिशय कृश असतात. टाइप वन समजून भरपूर इन्सुलिन दिलं तर त्यांची साखर धोकादायक खाली जाऊ शकते. ज्या देशात कुपोषण आणि मधुमेह एकाच जिल्ह्यात राहतात, तिथे ‘शुगर म्हणजे शुगर’ हे समीकरण परवडणारं नाही.

गरोदरपणातल्या मधुमेहाला तर लक्षण असं नसतंच. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर १४० च्या पुढे आहे का पाहायचं. उपाशी असण्याची अट नाही, आणि केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार ही तपासणी प्रत्येक गरोदर स्त्रीची व्हायची असते. घोळ पुढे होतो. बाळंतपणानंतर साखर उतरते आणि सगळे विसरतात. सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी करायची असते, ती बारशाच्या आणि लसींच्या धांदलीत राहून जाते, आणि तीच बाई पंधरा वर्षांनी टाइप टू घेऊन येते.

या सगळ्यावर एक गंभीर आक्षेप आहे. धडधाकट माणसांची रक्तं तपासत सुटायचं, ‘बॉर्डरला आहे’ म्हणून त्यांना घाबरवायचं, यातून प्रयोगशाळांचा धंदा होईल, लोकांचं भलं होईलच असं नाही. या आक्षेपाला पुरावाही आहे. केंब्रिज परिसरात धोका जास्त असलेल्या २० हजारांहून अधिक लोकांवर झालेल्या प्रयोगात, तपासणी केल्याने सुमारे दहा वर्षांत मृत्यूंचं प्रमाण घटलं नाही, असं २०१२ मध्ये प्रसिद्ध झालं. मी तो निष्कर्ष मान्य करतो. पण तिथे तपासणीसाठी निवडलेल्या गटातल्या अवघ्या ३ टक्क्यांत नवा मधुमेह सापडला होता, कारण प्रत्येकाला ठरलेला कुटुंब-डॉक्टर असलेल्या त्या व्यवस्थेत बाकीचे आधीच सापडले होते. आपल्याकडे चित्र तसं नाही. चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांनी उंबरठ्यावरच्या लोकांचा अभ्यास केला, तेव्हा नुसता नेहमीचा सल्ला दिलेल्या गटातल्या ५५ टक्क्यांना तीन वर्षांत मधुमेह झाला. चालणं आणि आहार यांत मार्गदर्शन मिळालेल्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होतं. आपली माणसं उंबरठा ओलांडायला फार वेळ लावत नाहीत. म्हणून बॉर्डर हा शब्द दिलासा म्हणून वापरू नये.

आक्षेपातला एक भाग मात्र मला पूर्ण पटतो. नाश्ता झालेल्या लोकांची रांग लावून बोट टोचायचं, चिठ्ठीवर आकडा लिहून द्यायचा आणि तंबू उचलून निघून जायचं, अशा शिबिरांचा उपयोग नाही. तपासणी आधी त्यांची व्हावी ज्यांचे धोक्याचे गुण जास्त आहेत, आणि ती अशा ठिकाणी व्हावी जिथे तोच माणूस महिन्याने पुन्हा जाऊ शकेल. आशाताई तिशीपुढच्या प्रत्येकाचा जो अर्ज भरतात त्यात कंबर, व्यायाम, घराण्याची माहिती आधीच आहे. तो अर्ज नीट भरला जाणं आणि त्यातून निघालेला माणूस उपकेंद्रात खरोखर पोहोचणं, याला माझ्या मते कुठल्याही शिबिरापेक्षा जास्त किंमत आहे. तपासणी कोणती, हेही पाहायला हवं. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी ही चाचणी सोयीची असली, तरी लोह कमी असलेल्या स्त्रीत ती फसवी जास्त येऊ शकते आणि सिकलसेल असलेल्या माणसात फसवी कमी. विदर्भात आणि नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल आहे, आणि रक्तक्षय तर राज्यभर आहे. तिथे उपाशीपोटीची आणि ग्लुकोज घेतल्यानंतरची साखर हीच भरवशाची.

लक्षणांचा फलक मात्र भिंतीवर राहायला हवा, दोन भागांत. मोठ्यांच्या भागात तहानेला जागा देऊ नये. तिथे वय, कंबर, मान, आईवडील, गरोदरपणातली साखर आणि पुन्हा पुन्हा येणारी खाज एवढं पुरे, आणि खाली उपकेंद्राचा तपासणीचा वार. मुलांचा भाग वेगळा, शाळेत आणि अंगणवाडीत: पाणी फार पितं, गादी ओली करू लागलं, कपडे सैल झाले, तर आजच्या आज साखर तपासा, उलट्या आणि जोराचा श्वास असेल तर रात्र काढू नका. जूनमधल्या पहिल्या पालकसभेत एवढं वाचून दाखवायला मुख्याध्यापकांना वरून आदेश येण्याची गरज नाही.